शेळीची पावडर

ताई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याची धडगत नसायची. गेले तीन दिवस तो धाकट्या भावावर सुटला होता. तिची लाडकी मेंढी ठकी अंग टाकून पडली होती. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल. आणि भावानं गेल्याच आठवड्यात परसातल्या अंजिरावर मोरचूद फवारलं होतं.

एरवी दोघांचं बरं चालायचं. ती पोस्टातून निवृत्त झालेली, तो सुतारकामातून. परसातली झाडं त्याची आणि जनावरं तिची, अशी सरळ वाटणी. तीन मेंढ्या, एक शेळी, सात कोंबड्या. लोकर ती स्वतः कातरायची, धुवायची, पिंजायची आणि चरख्यावर सूत काढायची. ठकीच्या लोकरीचा स्वेटर हवा असेल तर वर्षभर आधी सांगून ठेवावं लागे.

"तुझ्या झाडाखालचा पाला खाल्ला तिनं!" परवा ती फाटकात उभी राहून ओरडली होती. गल्लीतल्या झाडून साऱ्या खिडक्या उघडल्या. "विष घातलंस माझ्या मेंढीला! आता एक तर ते झाड राहील, नाहीतर मी!"

भाऊ खराटा घेऊन झाडाखालचा पाला गोळा करू लागला. बायको गेली त्या वर्षी त्यानं ते अंजीर लावलं होतं. आज सकाळी मात्र त्यानं करवतीला धार लावली आणि शिडी खांद्यावर घेतली.

त्याच वेळी जनावरांची डॉक्टर आली. तिनं ठकीची पापणी उलटून पाहिली.

"तांबं चढलंय. मेंढीला ते सोसत नाही."

"तेच सांगतेय मी! मोरचूद!"

"त्यात तांबं असतं, खरंय. पण एका फवारणीनं एवढं होत नाही, ताई. हे महिनोन्महिने यकृतात साठतं आणि एक दिवस अचानक उलटतं. रोज खायला काय काय देता?"

ताईला एकदम आठवलं. शेळीसाठी आणलेली क्षारांची पावडर; डब्यावर तांबंही लिहिलेलं होतं. गेले पाच महिने ती रोज चमचाभर मेंढ्यांच्या भुशातही घालत होती. पावडरीनं शेळीचं दूध वाढलं, मग मेंढीची लोकर का वाढू नये? हे डोकं तिचं एकटीचं. भावाला तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

"गवत, भुसा, पाला," ती म्हणाली.

"आणखी काही?"

"नाही."

बाहेर करवत सुरू झाली.

डॉक्टर सुई भरत होती. ताईचं डोकं भराभर चालू लागलं. पावडर आजच गुपचूप फेकून दिली तर कुणाला काय कळणार? झाड काय, दुसरं लावता येईल. या विचाराची तिला लाज वाटली, तरी तो जाईना.

"कुठून येतंय ते शोधा," डॉक्टर म्हणाली. "नाहीतर उरलेल्या दोघींचंही काही खरं नाही."

धाडकन फांदी पडली. कोंबड्या कलकलाट करत पळाल्या. मग करवत पुन्हा चालू झाली, या वेळी खालून, बुंध्याशी.

ताई चपला न घालताच धावली.

"थांब! अरे थांब! मी घातलं! शेळीची पावडर मीच घातली सगळ्यांना!"

करवत बुंध्यात चार बोटं रुतली होती. भाऊ गुडघ्यावर बसला होता. त्याचे डोळे सुजले होते, आणि तीन दिवसांत ताईनं ते आज पहिल्यांदा पाहिले.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. पाच महिने. चुकलं माझं," ती पुटपुटली.

"हळू का बोलतेस? मला बोललीस तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं."

ताई फाटकाशी गेली. समोर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"मेंढीला विष मी घातलं!" ती ओरडली. "माझ्या हातानं! माझ्या भावाचा काही दोष नाही!" एक खिडकी उघडली, मग दुसरी. तिनं पुन्हा ओरडायला तोंड उघडलं.

"बास," मागून भाऊ म्हणाला. "आत चल. डॉक्टर सुई घेऊन थांबलीय. तू ठकीचं डोकं धर, मी पाय धरतो."