कुणाचा पुतळा

मी बी.ए. होऊन हैदराबादहून परत आलो तेव्हा निजामाची राजवट होती. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. धाराशिवच्या सरकारी शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी अणदूरहून आईला चार दिवसांसाठी घेऊन आलो. माझी शाळा, माझी खोली तिनं पाहावी, एवढीच हौस. मी शिकलो तो तिच्या जिवावर. वडील, आमचे आण्णा, नव्हते.

नव्हते म्हणजे नेमकं काय, हाच आमच्या घरातला प्रश्न होता. मी अगदी लहान असताना ते बैलजोडी घेऊन बार्शीच्या बाजाराला गेले. बैल विकताना लोकांनी त्यांना पाहिलं, पुढं कुणीच पाहिलं नाही. इंग्रजी हद्दीत शोधलं, निजामाच्या मोगलाईत शोधलं. बारा वर्षं सरली तसे चुलते आईच्या मागं लागले. आमच्याकडची रीतच तशी आहे. बारा वर्षं माणूस परतला नाही, तर त्याचा दर्भाचा पुतळा करायचा, मुलानं त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं.

"पुतळा करून मोकळं होऊ, वैनी," चुलते म्हणायचे. "घरात उद्या लगीनकार्य निघंल. हे असं अर्धवट किती दिस ठिवायचं?"

"मी मेल्यावर दोघांचं संगंच करा," आई म्हणायची आणि चुलीकडं तोंड फिरवायची.

त्या वर्षी कचेरीसमोरच्या बागेत एक नवल उभं राहिलं होतं. तालुकदारसाहेबांचे, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांचे, कुणी नातलग विलायतेत मूर्तिकला शिकून आले होते, त्यांनी घडवलेली ब्राँझची मानवाकृती. ब्राँझ म्हणजे आपलं कासं. माणसापेक्षा हातभर उंच. खांदे होते, कमरेत बाक होता, पण हात नव्हते. डोकं होतं, त्यावर नाक, डोळे, तोंड काही नाही, सगळं गुळगुळीत. छातीच्या जागी आरपार मोकळं; त्यातून पलीकडचा लिंब दिसायचा.

सगळं गाव तिला हसायला यायचं. "ह्याचं तोंड कुठं गेलं, हो?" एखादा खेडूत विचारायचा, आणि कचेरीतला म्हातारा चपराशी ठरलेलं उत्तर द्यायचा, "अर्जी घेऊन खेटे घातले मियाँनी. झिजलं!"

मला मात्र ती आवडली होती. का ते सांगता आलं नसतं. आईला दाखवावी असं मनात होतं.

"आई, चल, तुला एक पुतळा दाखवतो," मी सकाळी म्हणालो. ती कुंकू लावत होती. तिचं बोट कपाळावरच थांबलं. मग ती उठली आणि एक शब्द न बोलता माझ्यामागून चालू लागली. मला वाटलं, गाडीच्या प्रवासानं अंग दुखत असेल.

बागेत शिरलो. आईनं ती आकृती पाहिली आणि मटकन खाली बसली. तिनं उजव्या हाताचा तळवा कपाळावर गच्च दाबून धरला, कुणी कुंकू पुसायला येत असल्यासारखा.

"केलास तू?" ती म्हणाली. "मला न इचारता केलास?"

मला काही कळेना. "काय केलं, आई?"

"आन तोंड सुदिक केलं न्हाईस? बापाचं तोंड याद न्हाय व्हय रं तुला?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुतळा. आमच्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ होता. आणि त्याहून भयंकर म्हणजे, मला वडिलांचं तोंड खरोखरच आठवत नव्हतं. चपराशानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"आई, ह्यो आपला न्हाय," मी खाली बसून सांगू लागलो. हैदराबादची सगळी भाषा पळाली होती. "देवाशप्पथ. सरकारनं बसवलाय. आण्णांचा न्हाय ह्यो."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच न्हाय. माणसाचा."

"अन् तोंड?"

"बघील त्याला त्याचं माणूस दिसावं, म्हणून ठिवलं न्हाय."

हे मी कुठं वाचलं नव्हतं. त्या घटकेला सुचलं. आई उठली, पुतळ्याजवळ गेली आणि मोकळा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. ऊन चढलं होतं, धातू तापला असणार. तिनं हात काढला नाही.

"जाळला तरी जळायचा न्हाय ह्यो," ती म्हणाली.

"न्हाय."

तिनं कपाळावरचा हात खाली घेतला. कुंकू फिसकटून भुवईपर्यंत आलं होतं. "चुलत्याला सांग तुझ्या. करायचाच आसंल, तर आसला करा म्हणावं."

चार दिवसांनी तिला पोचवायला अणदूरला गेलो तेव्हा मी तो निरोप चुलत्यांना जसाच्या तसा सांगितला. ते ओट्यावर तंबाखू मळत होते. "काशाचा?" त्यांनी विचारलं. मळलेली तंबाखू तशीच हातात राहिली. "खुळी हाय का काय ती?" पण त्यानंतर तो शब्द त्यांनी घरात पुन्हा काढला नाही.

पुढं अनेक वर्षांनी आई गेली. बायका दारात खोळंबल्या होत्या. नेसवायचं काय, कपाळाला काय लावायचं, कुणालाच ठरवता येईना. म्हातारे झालेले चुलते काठी टेकत बाजारात गेले आणि हिरवं लुगडं घेऊन आले. "मळवट भरा," एवढंच ते चुलतीला म्हणाले.