सासऱ्यांचं विमानतळ

विमानात एकदाही न बसता विमानतळावर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या सासऱ्यांशिवाय दुसरा सापडणार नाही. विमानतळ नांदेडचं, पण कुरुंद्याच्या पारावर बसून ते त्याला 'आपलं विमानतळ' म्हणतात. मुलगी देताना शेत किती, पाणी किती हे सांगायच्या आधी त्यांनी माझ्या वडिलांना गाव विमानतळापासून तासाभरावर आहे हे सांगितलं होतं. मध्येच कधी विमानं बंद पडली की ते दाढी करणं सोडत, आणि सासूबाई आल्यागेल्याला सुतक आहे म्हणून सांगत.

शिजवलेली हळद घरामागच्या आवारात वाळवायची सोडून ते ती विमानाच्या वाटेखालच्या लांबच्या माळावर नेऊन पसरत. वरून पिवळं दिसलं पाहिजे, ही अट. मी हैदराबादहून आलो की तब्येतीची चौकशी मागाहून, आधी हळद दिसली का ते सांगायचं. मी दर वेळी दिसली म्हणायचो. खरं तर खिडकीची जागा मला कधी मिळायचीच नाही. त्यांचं सगळं अर्थशास्त्र दोन वाक्यांचं होतं. "पाहुणा येतो तिथंच धंदा येतो, जावईबापू. आन् मोठा पाहुणा एस्टीनं येत न्हाई." या मोठ्या पाहुण्यासाठी त्यांनी एक भाषण तयार ठेवलं होतं, कुरुंद्याच्या हळदीचं. सदऱ्याच्या खिशात नमुन्याची हळकुंडं कायम. भाषण घरात सगळ्यांना पाठ होतं, माझ्या सात वर्षांच्या मुलीलासुद्धा.

प्रवासाहून आलेल्या माणसावरून उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकायची आपली रीत. सासऱ्यांना उंबऱ्यापर्यंत दम निघत नसे. वरून आलेल्या माणसाला जास्त नजरा लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते विमानतळाच्या दारातच तांब्या आणि तुकडा घेऊन उभे राहत. तिथला बंदूकवाला जवान आधी आधी हटकायचा, पुढे तोच तांब्या धरायला लागला.

दोन वर्षांपूर्वी तो मोठा पाहुणा खरोखर आला, आणि त्याला मीच घेऊन आलो. आमची मसाल्याची कंपनी हळदीच्या कारखान्यासाठी जागा शोधत होती आणि माझे वरिष्ठ पाहणीला निघाले होते. सासऱ्यांनी स्वतःची जीप धुऊन आणली. आम्ही बाहेर पडलो तर हे दारातच उभे, कोरं धोतर, हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. वरिष्ठांनी इंग्रजीत विचारलं, हे कोण? मला त्या धोतराची लाज वाटली, तांब्याची वाटली, तुकड्याची तर फारच वाटली. मी म्हणालो, "ड्रायव्हर."

तेवढा शब्द सासऱ्यांना कळला. त्यांनी तुकडा खिशात टाकला, तांब्या जवानाकडे दिला आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

"चला साहेब," ते मला म्हणाले.

वाटेत वरिष्ठांनी हिंदीत त्यांनाच विचारलं की इकडची हळद कशी असते. या प्रश्नाची त्यांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"साब को पूछो," ते म्हणाले. "उनको बराबर मालूम."

मला काय डोंबल मालूम होतं! कंपनीच्या कागदावरची चार वाक्यं मी म्हणून दाखवली आणि वरिष्ठांनी जांभई दिली. कारखाना दुसरीकडे गेला. सासऱ्यांच्या भाषणानं तो कुरुंद्यात आला असता की नाही, देव जाणे. पण ते भाषण व्हायला हवं होतं. त्यांनी घरी यातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. बायकोला सहा महिन्यांनी मीच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काहून केलं असं?"

आता ते दारात येत नाहीत. लांब जीपपाशी उभे असतात. हळद दिसली का, हेही विचारत नाहीत. मी जवळ गेलो की आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहतात आणि हळूच विचारतात, "संगं कोणी हाय का?" मी नाही म्हणतो. मग ते खिशातून कागदात गुंडाळलेला भाकरीचा तुकडा काढतात. माझी मान आपोआप खाली जाते. त्यांना वाटतं, ओवाळायला सोपं जावं म्हणून जावईबापू वाकले.