उघड्या फाटकापाशी बंद केलेलं इंजिन

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर लिहायला बसलो आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो.

वडील सैन्यात ट्रक चालवत. लढाई संपल्यावर ते साताऱ्याला परतले नाहीत. बराकपूरकडच्या एका खासगी बसवर ड्रायव्हर झाले आणि आम्हालाही तिकडेच घेऊन गेले. वाटेत रेल्वेचं फाटक लागे. ते उघडं असलं तरी वडील अलीकडेच बस थांबवत, इंजिन बंद करत आणि मान बाहेर काढून दोन्ही बाजूंचा कानोसा घेत. मग कंडक्टरला उतरून हँडल मारावं लागे. बस जुनी. दोन-तीनदा मारल्याशिवाय सुरूच होत नसे.

"ओ फौजी, लढाई संपली!" मागून कुणीतरी ओरडे.

"दादा, फाटक सताड उघडं आहे," कंडक्टर म्हणे. "आगगाडी काय चोरून येणार?"

"फाटकवालाही माणूसच. त्याचाही डोळा लागतो. मार हँडल."

मी त्याच बसने कॉलेजला जाई. अशा वेळी पुस्तकात तोंड खुपसून बसे.

शेवटी, शियालदह स्टेशनला जाणारी आगगाडी चुकते म्हणून प्रवाशांनी मालकाकडे तक्रार केली. मालकाने लेखी खुलासा मागितला. तो पटला नाही तर नोकरी जाणार होती. इंग्रजी लिहिणारा घरात मी एकटा. वडिलांनी सांगितलं तसं लिहिलं, पण भीतीपोटी शेवटी एक वाक्य माझ्या मनाचं घातलं : यापुढे उघड्या फाटकाशी बस थांबणार नाही.

सहीसाठी पेन उचलून वडिलांनी सहज विचारलं, "सगळं मी सांगितलेलंच आहे ना?"

मला खोटं बोलवेना. सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. "तुझं कॉलेज सुटू नये म्हणून लिहिलंस, कळतं मला. पण ते काढ. मागे माणसं बसलेली असतात."

मी नव्या कागदावर पुन्हा लिहिलं.

आठवडाभर काहीच कळलं नाही. वडील रोज फाटकाशी थांबत होते. मग एका संध्याकाळी कंडक्टर घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "दादा, नोकरी राहिली! थांबा खुशाल, फक्त इंजिन बंद करायचं नाही. मी रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि हात दाखवायचा. मालकांचा हुकूम आहे."