घोड्याची नाल आणि शेखरची नाव

देऊळघाटच्या त्या आळीत बारसं कोणाचंही असो, पाळणा म्हणायचा तो अन्नपूर्णेनंच. स्वतःला मूल नाही, पण गळा देवीनं दिलेला. हा मान तिच्या दिरानं, शेखरनं, एका वाक्यात हिसकावून घेतला.

त्याचं असं झालं. धरणावरचा बोटींचा क्लब बंद पडला, तेव्हा शेखरनं तिथली शिडाची नाव स्वस्तात विकत घेतली. वरून फायबर, आत लाकडाचा गाभा, पोटात दोघं वाकून बसतील एवढी खोली. दसऱ्यानंतर पर्यटक फिरवायचे, तोवर नाव दोघा भावांच्या अंगणात ट्रॉलीवर, ताडपत्रीखाली. अन्नपूर्णा सहज बोलून गेली, "लई सुंदर हाये हो भाऊजी!" झालं! संध्याकाळच्या आत शेखरनं नावेच्या टोकावर घोड्याची नाल ठोकली. दाराच्या चौकटीवर ठोकतात तशी, लांब खिळ्यांनी.

पावसाळ्यात नावेत कुबट वास सुटला, गाद्यांना बुरशी आली, तळाशी पाणी साचलं. शेखर पारावर बसून म्हणाला, "नाल ठोकली तरी वयनीची नजर लागलीच. वांझेची नजर हाय ते!"

तेव्हापासून अन्नपूर्णा दिसली की बाया लेकरांवर पदर ओढायच्या. शेजारच्या जनकाबाईनं नातीच्या बारशाला तिला बोलावलंही नाही. पाळणा भिंतीपलीकडून ऐकू आला, तोही बेसूर.

अन्नपूर्णा रडली नाही. देवीपुढं बसून म्हणाली, "माय, याले मी सोडत नसतो."

शेखर मोताळ्याच्या बाजाराला गेला तशी ती नावेत शिरली. तळ फडक्यानं कोरडा केला. उघडीप होती तोवर थेंब नाही. म्हणजे कोंडलेल्या हवेचा घाम नव्हे, जमिनीची ओलही नव्हे. पाऊस येताच पुढचं टोक ओलं. वर पाहिलं तर नालेच्या कडेनं ताडपत्री फाटलेली. तिनं पळी घेतली आणि नाव ठोकून पाहिली. सगळीकडे टणटण, नालेपाशी मात्र भदभद, सडक्या नारळासारखी.

ती उतरली, हात धुतले आणि कोणाला काही बोलली नाही. पिऊ दे पाणी. पोटभर पिऊ दे.

दसऱ्याला शेखरनं नावेची पूजा मांडली, सारी आळी जमवली. अन्नपूर्णा धुपाटणं घेऊन आली.

"वयनी, तुमी नोका येऊ जवळ."

"काऊन? नाल हाये ना राखणीले?"

बाया फिसकन हसल्या. तेवढ्यात तिनं धुपाटणं नावेच्या खोलीत ठेवलं, वर ऊद टाकला आणि खोलीचं झाकण लावलं. थोड्या वेळानं नालेच्या खालून धूर निघू लागला, प्रत्येक खिळ्यापाशी एकेक धार.

"पाहा वं जनकाबाई," ती म्हणाली, "माह्यी नजर कुठून घुसली ते."

शेखरनं पक्कडीनं नाल उपटली. खालचं लाकूड काळं पडलेलं, बोट घातलं तर रुतलं.

"तुमाले ठाऊक होतं?" तो ओरडला. "तं सांगतलं काऊन नाही?"

"चांगली म्हटली तं खिळे ठोकले. फुटली म्हटली असती तं मलेच ठोकलं असतं."

जनकाबाईनं मान खाली घातली. "अन्नपूर्णे, परवा धाकट्याच्या पोराचं बारसं हाये. ये वं."

"मी येईन. पण बोलावणं घेऊन भाऊजी येतील. हळदीकुंकू घेऊन, माह्या दारात."

शेखर आला. आळी बघत होती. अन्नपूर्णेनं कुंकू लावून घेतलं आणि गंजलेली नाल त्याच्या हातात ठेवली.

"हे आता माह्या चौकटीवर ठोका, भाऊजी. तुमची नजर वाईट हाये."