पुढचं मी सांगतो

सिनेमात कुणी मरायला टेकलं, की आमचे ऑपरेटर प्रोजेक्टरपुढे तळहात धरायचे. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर पाच बोटं उमटायची आणि आवाज यायचा, "पुढचं मी सांगतो."

उभी हयात त्यांची टॉकीजच्या मशीनवर गेली. टॉकीज बंद पडलं, तसे ते सातपूरच्या आमच्या पत्र्याच्या वस्तीत आले आणि रखवालदारी करू लागले. पण हाताला चैन कुठली? भंगारातला एक प्रोजेक्टर दुरुस्त केला आणि रविवारी संध्याकाळी वस्तीला फुकट सिनेमा सुरू झाला.

त्यांच्या शेवटात कुणी मरत नसे. नायिका खडखडीत बरी व्हायची, नायक कंपनीत परमनंट व्हायचा आणि घरात नळ यायचा. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. पण घरी जाताना बरं वाटायचं, हेही खरं.

हे सगळं चालायचं एकाच प्रेक्षकासाठी. दारात खाटेवर बसणाऱ्या त्यांच्या बायकोसाठी. या मावशी सटाण्याकडच्या. हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत आणि मावशी नको म्हणत. तिनं मनातून हाय खाल्ली तर संपलंच, असं ऑपरेटर एकदा चहा पिताना मला म्हणाले होते.

एका रविवारी मावशींना थंडी वाजली. ऑपरेटर शाल आणायला आत गेले आणि नेमकी ट्रंक उघडेना. इकडे नायिका ऑपरेशनच्या टेबलावर गेली, ती गेलीच. आम्हा कुणाला उठायचं सुचलं नाही. ते शाल घेऊन बाहेर आले तेव्हा भिंतीवर चिता जळत होती. एवढा पडलेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

मावशींनीच त्यांच्या हातातली शाल ओढून घेतली. हा सिनेमा त्यांनी म्हणे लग्नाआधीच पाहिला होता.

"पन माले तुमनाच शेवट गोड लागस," त्या म्हणाल्या. मग शाल नीट पांघरून घेतली. "ऑपरेशन करी टाकू. आते पुढलं मी सांगसू."

आणि त्यांनी सांगितलंही. दवाखान्यातून आल्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि दारोदार थांबून सांगत राहिल्या. पुढे दोघं सटाण्याला मावशींच्या भावाच्या मळ्यावर राहायला गेली. जाताना प्रोजेक्टर माझ्याकडे दिला.

परवाच्या सिनेमात नायिकेनं डोळे मिटायला घेतले. मला उठायला जरा उशीर झाला. मान वर करून पाहतो तर भिंतभर हातच हात होते.