हुडकोचे घोडेस्वार

रिटायर माणसाकडे किस्से साचतातच. फायली निदान रद्दीत जातात, किस्से कोणी नेत नाही! आमचे सगळे दुर्गजवळच्या हुडको कॉलनीतल्या वानखेडेच्या घरचे.

वानखेडे स्टील प्लांटातला फोरमन, बागडे मालगाडीचा गार्ड आणि मी क्लर्क. तिघेही निवृत्त. वहिनी गेल्या, तेव्हा वानखेडेच्या मुलानं, प्रशांतनं, पुण्याला परतताना बाबांसाठी कॉम्प्युटर ठेवला आणि त्यात जुन्या काळातल्या लढायांचा गेम. बाबांचं मन इतकं रमलं, की आता तो "पुण्याला चला" म्हणतो आणि बाबा हलत नाहीत!

आमच्या फौजेत घोड्यावरचे तिरंदाज. प्रशांतचा सल्ला एकच: "बाबा, भिड़ना मत. पळा. शत्रू मागे आला की वळून बाण मारा, अन् परत पळा."

*

एकदा फौज बागडेच्या हाती होती. घोडे झकास पळत होते. एक जखमी होऊन मागे पडला, तर यानं सगळी फौज उभी केली! भालेवाल्यांनी चहूकडून घेरलं.

"अबे, कावून थांबला?"

"मंग? शेवटचा डबा सोडून गाडी नेऊ का?"

अख्खी गाडी कापली गेली.

*

मी प्रत्येक हुकमाआधी पॉज दाबतो. माझी एक लढाई चार दिवस चालली. वानखेडे खुर्चीमागे येरझारा घालत होता.

"बाबू, तुही सारी नोकरी पॉजवरच गेली का?"

"नाही," बागडे म्हणाला, "रिटायरमेंटचा कागद यानं एका दिवसात काढला!"

*

वानखेडे मात्र पळतच नसे. तिरंदाज सरळ भाल्यांवर नेऊन घालायचा.

"अरे, पळ ना!"

"फोरमन पळाला तर लेबर काय म्हणंल?"

प्रशांतशी फोनवरही तेच. "नाही येत म्हणजे नाही येत!" ओरडायचा, दमायचा, हरायचा. शेवटी प्रशांत तिकिटं काढूनच आला. घराला कुलूप लागणार. त्या दिवशी बागडे आणि मी चारदा उठलो, चारदा बसलो. उद्यापासून संध्याकाळी जायचं कुठे?

*

वानखेडे भांडलाच नाही! "चाल," म्हणाला. प्रवासाचा डबा स्वतः बांधला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. दुर्ग स्टेशनातून गाडी सुटली, आम्ही हात हलवले.

घरी मला बसवेना. दिवेलागणीला पाय आपोआप हुडकोकडे वळले. खिडकीत उजेड! आत वानखेडे कॉम्प्युटरसमोर, पायात बूट तसेच. पडद्यावर घोडे पळताहेत, भालेवाले मागे धावताहेत.

"अबे, तू?"

"राजनांदगावले पाणी आनाले उतरलो."

टेबलावर फोन वाजत होता. बंद झाला. पुन्हा वाजला. आता त्यानं स्पीकर लावला.

"बाबा! गोंदिया आ गया! कुठी आहात तुम्ही?"

पडद्यावरचे घोडे एकदम मागे वळले.

"घरी पोचलो, बेटा. तू जेवून घे. डबा एकाचाच बांधला आहे."