दुपारची गाडी आणि राहिलेला शेवट

इस्माईलमामांना मी शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर पडून होते, समोर टीव्ही चालू होता. मधेच माझ्या गुडघ्यावर चापटी मारून म्हणाले, "ऊठ, गाडी चुकंल." मला हसूच आलं. कसली गाडी आणि कसलं काय... त्याच आठवड्यात हमिदामामींचा फोन आला, मामा गेले.

मामा माझ्या आईच्या माहेरचे, टाकवे बुद्रुकचे, म्हणून मामा. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. इंग्रजी ओ की ठो कळत नसे, पण इंग्रजी सिनेमाचं वेड विचारू नका! दर रविवारी सकाळी मला घेऊन देहूरोडला. कॅन्टोन्मेंटमधलं ते जुनं थिएटर म्हणजे थाट होता नुसता. उंच छत, लाल मखमली पडदा, गुळगुळीत लाकडी हातांच्या खुर्च्या. पडद्यावर तिरकी टोपी घातलेले हीरो आणि ढसाढसा रडूनही पावडर न उतरणाऱ्या हिरॉइनी. मामा कानात गोष्ट सांगायचे, तिखटमीठ लावून. शेवट मात्र आम्ही कधीच पाहिला नाही. दुपारची लोकल गाठायची असायची, ती गेली की संध्याकाळपर्यंत गाडी नाही. सिनेमा ऐन रंगात आला की गुडघ्यावर चापटी बसायची. उरलेला शेवट मामा गाडीत सांगायचे, स्वतः न पाहिलेला, आणि मला तो अगदी खरा वाटायचा.

माझे वडील घर सोडून गेले त्या वर्षी एक सिनेमा लागला होता. जहाजावरचा कप्तान निघून जातो, त्याची मुलगी धक्क्यावर उभी राहते. तेवढ्यात चापटी. गाडीत मी विचारलं, "मामा, तिचा बाप येतो का?"

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येतो की! पोरीला सोडून कुटं जातोय?"

झालं. मी वाट बघायला लागले. आई थकली, गेली, मी मात्र घर विकलं नाही, की दारावरची वडिलांच्या नावाची पाटी काढली नाही. वडील आले तर त्यांना घर सापडायला नको?

मामा गेल्यावर माझ्या मुलीनं तो सिनेमा शोधून टीव्हीवर लावून दिला. पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला. कप्तान येत नाही. मुलगी म्हातारी होते, धक्का तोच...

मी तडक मामींकडे गेले. "मामांना माहीत होतं?"

"व्हय गं," मामी म्हणाल्या. "रंग आणाया देहूरोडला जायचे, तवा एकलेच बसून शेवट बघून यायचे. त्यो कप्तानाचा बघून आले त्या दिशी जेवले न्हाईत. मी लय मागं लागले, पोरीला खरं सांगा म्हून. म्हनायचे, सांगतो, ह्या रविवारी सांगतो."

आता या माणसावर रागवू, की त्याच्या पायावर डोकं ठेवू? अख्खा जन्म मी एका थापेवर काढला. पण ती थाप नसती, तर त्या वयात मी कशाच्या जोरावर उठून शाळेत गेले असते? मला खरंच कळत नाही. सकाळी राग येतो, दुपारी रडू येतं.

निघताना मामींनी मामांचा एक ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा हातात दिला. दर दिवाळीच्या आधी मामा न बोलावता यायचे आणि आमच्या दारावरची पाटी नव्यानं रंगवून जायचे. सगळं माहीत असूनही! यंदा अक्षरं फिकी पडली आहेत. पुसून टाकावं म्हणून थिनरमध्ये भिजवलेला फडका घेऊन दारात उभी राहिले, तर पाटीवर वडिलांचं असं काहीच दिसेना. ती वेलांटी मामांची, तो काना मामांचा. मी ज्याची वाट बघत होते तो कधी आलाच नाही, आणि दर वर्षी दारात यायचा त्याची वाट बघायचं मला सुचलंही नाही.

फडका ठेवला, ब्रश घेतला आणि तीच अक्षरं गिरवायला लागले. पहिलीच रेघ जरा वाकडी गेली. मामांनी बघितली असती तर परत काढायला लावली असती.